घोडीचं कपाळ

मी जन्मभर लोकांचे देवीचे व्रण बुजवले. नांदेडात माझं फोटोचं दुकान होतं तेव्हा तसे चेहरे रोजच समोर येत, आणि फोटोत मात्र प्रत्येकाला गुळगुळीत गाल हवे असत. काचेची प्लेट खिडकीच्या उजेडाला उभी धरायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि टोकदार शिसपेन्सिलीने एकेक ठिपका भरून काढायचा. प्लेटवर सगळं उलटं असतं. पांढरं ते काळं दिसतं आणि काळं ते कोऱ्या काचेसारखं आरपार. त्यामुळे गालावरचा काळा डाग आणि धुळीचा कण बसून पडलेलं भोक यांत प्लेटवर काही फरक नसतो. दोन्ही भरली की चेहरा साफ. या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे मी स्वतःच सांगत फिरायचो, म्हणजे मी कसा होतो ते कळलंच असेल.

इंग्रज निघून गेले होते तो हिवाळा. आमच्याकडे अजून निजामाचं राज्य होतं, आणि रस्त्यांवर कुणाचंच नव्हतं. परगावी गेलेला माणूस ठरल्या दिवशी परत आला की घरात देवापुढे साखर ठेवत. अशात पौषातल्या एका सकाळी कंधारकडचा एक म्हातारा शेतकरी दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दाराची चौकट हाताने चाचपून तो आत आला.

"मास्तर, जनावराचा फोटो निघतो का?"

"माणसं तरी कुठं गप बसतात," मी म्हणालो. "जनावर कसं बसणार?"

"ती बसत न्हाई. उभी ऱ्हाते," म्हातारा म्हणाला. "तासन् तास."

मग तो तिथेच दाराशी बसला आणि सगळं सांगू लागला. त्याचा एकुलता एक मुलगा दिवाळीनंतर पांढऱ्या घोडीवर बसून रेणापूरला निघाला होता. लग्नानंतरची पहिली दिवाळी, बायको माहेरी गेलेली, तिला आणायला. तो रेणापूरला पोचलाच नाही. परतही आला नाही. तिकडून सुनेचा बाप तिला बैलगाडीत घालून घेऊन आला तेव्हा इकडे कळलं की पोरगा वाटेतच कुठेतरी राहिला. प्रेत नाही, निरोप नाही, काही नाही. आणि आता जत्रेनंतर देवाच्या तट्टांमध्ये एक पांढरी घोडी दिसू लागली होती. अंगावर खोगीर नाही, तोंडात लगाम नाही.

देवाची तट्टं आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक असत. खंडोबाच्या जत्रेत नवस फेडायला लोक शिंगरू आणून माळावर सोडून देत. ती वाढत, आपसांत वीत, रानटी होत. पंधरावीस असतील, पण किती ते कुणी मोजायचं नाही, धरायचं नाही, हाक मारायची नाही, अशी रीत. कुणाचं जनावर आपणहून त्यांच्यात गेलं आणि अमावास्या उलटली की ते देवाचं झालं. मालकानंही मग हात लावायचा नाही. अमावास्या उलटून गेली होती.

"मला नुसतं पांढरं दिसतं," म्हातारा म्हणाला. "म्हातारी बघून सांगंल, पण तिची कंबर मोडून ती बाजेवर पडून हाय. तिला माळावर न्यावं कसं अन् घोडीला घरी आणावं कसं? भाऊबंद म्हणतात, तुमचीच घोडी हाय. त्यांचं काय, त्यांचा डोळा जमिनीवर. गावात कुणाचा भरवसा न्हाई. फोटो खोटं बोलत न्हाई, म्हणून आलो."

"आणि घोडी तुमचीच निघाली तर?"

तो चौकटीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तर पोरगं गेलं. त्यानं घोडी सोडली नसती. मग सूनबाई रेणापूरला जाईल. तिच्या बापानं सांगितलंय, पोरगी अठरा वर्षांची हाय, मी पाट लावून दीन तिचा. रास्त हाय त्याचं. आन् घोडी दुसरी निघाली, तर सूनबाई ऱ्हाईल हिथंच, त्याची वाट बघत."

मी विचारलं, तुमच्या घोडीची काही खूण आहे का, म्हणजे ती बाजू धरून फोटो काढता येईल. त्यावर तो हसला.

"खूण सांगणार न्हाई, मास्तर. खूण म्हातारीला ठावी. तुमाला सांगितली की ती फोटोत यायचीच."

मला राग आला. माझ्यावर संशय! पण राग आला म्हणून मी नाही म्हणालो नाही. मला त्या तट्टांचा फोटो हवाच होता. दुकानात रोज तीच पडद्यावरची कमान, तीच खुर्ची, तीच ताठ माणसं. मोकळ्या माळावर, हिवाळ्यातल्या सकाळच्या उजेडात, कुणाचं न ऐकणारी जनावरं. तो उजेड आडवा येतो, जमिनीला चिकटून, आणि ढेकळालाही सावली देतो. मी मनातल्या मनात तो फोटो भिंतीवर टांगूनसुद्धा टाकला होता.

दोन दिवसांनी मी कॅमेरा, तिवई आणि सहा प्लेटा घेऊन त्यांच्या घरी मुक्कामाला गेलो. म्हातारी बाजेवर होती. अंगात काही उरलं नव्हतं, पण नजर अशी की पडल्यापडल्या सुईत दोरा ओवत होती. ती जेवत नाही, असं म्हातारा म्हणाला. सून समोर आली ती भाकरी वाढायला तेवढी. कपाळावर मोठं कुंकू, डोळे खाली. मी माळावर कधी जाणार, एवढंच तिने सासऱ्याच्या आडून विचारलं.

उजाडायच्या सुमारास आम्ही माळावर पोचलो. धुकं इतकं दाट होतं की म्हाताऱ्याचा मला आणि माझा म्हाताऱ्याला सारखाच उपयोग. तोच माझा हात धरून चालत होता. काळ्या चपट्या दगडापाशी तिवई लाव, असं त्याला कुणा धनगराने सांगितलं होतं. दगडापासून वीस-पंचवीस पावलांवर मी कॅमेरा उभा केला आणि काळ्या कापडात डोकं घातलं. मागच्या काचेवर नुसतं राखाडी. ऐकू काहीच येत नव्हतं. टिटवी नाही, तितर नाही. पंधरावीस जनावरं चरत असली तर दातांनी गवत तोडल्याचा आवाज तरी यावा.

मी कापडातून डोकं बाहेर काढलं तेव्हा ती आलेली होती.

केव्हा आली, कुठून आली, कळलंच नाही. बुटकी, फुगीर पोटांची, केसाळ तट्टं. खाली माना घालून आमच्या दोन्ही अंगांनी चरत पुढे सरकत होती, आणि आमच्याकडे एकही बघत नव्हतं. आम्ही तिथे नव्हतोच जणू. मी प्लेट आत सरकवली. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, दगडाच्या बाजूला, पांढरी घोडी. ती चरत नव्हती. डावी कूस दगडाला लावून ती सरळ उभी होती, मान किंचित माझ्याकडे वळवून. खोगिराची सवय असलेलं जनावर ओट्यापाशी असंच उभं राहतं, मालकाने रिकिबीत पाय घालेपर्यंत. तट्टं तिच्यापर्यंत येत आणि दगडाच्या बाजूने न जाता लांबून वळसा घालून जात. एकही त्या बाजूने गेलं नाही.

हे मी म्हाताऱ्याला सांगितलं नाही. कुठलीही पाळलेली घोडी अशी उभी राहू शकते, उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला, असं मी स्वतःला समजावलं.

म्हातारा माझ्या खांद्यामागे होता. हळूच म्हणाला, "मास्तर, तिच्यापाशी कोण उभं हाय?"

"कुणी नाही, मामा."

"दगडावर."

"दगडावर कुणी नाही."

त्याने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. माणूस समोर मोठं कुणी आलं की काढतो तसा नव्हे. आपलं पोर ओळखू यावं म्हणून डोकं उघडं करतो, तसा. मला तिथून पळून जावंसं वाटलं, हे मी आज सरळ सांगतो. 

तेवढ्यात सूर्य वर आला. धुकं फिटलं नाही, नुसतं आतून पिवळं झालं. मी भिंगावरचं झाकण काढलं, तीन मोजले, झाकण घातलं. प्लेट बदलून पुन्हा तेच. तीन मोजेपर्यंत जिवंत जनावर कान हलवतं, शेपूट मारतं, निदान श्वास सोडतं. ती हलली नाही. तिच्या नाकातून वाफही मला दिसली नाही. तिसरी प्लेट घालायला मी वाकलो आणि वर पाहिलं तर माळ रिकामा होता.

नांदेडला परतल्यावर दुकानामागच्या खोलीत खिडकीला गोणपाट ठोकून मी प्लेटा धुतल्या. लाल कंदिलाच्या उजेडात ताटलीतल्या पाण्यात आधी घोडी उमटली. काळी, कोळशासारखी, डोळ्यांच्या जागी दोन पांढरी भोकं. मग हळूहळू बाकीचं आलं, आणि मी ताटली हलवायची थांबलो. तट्टं नव्हतीच. म्हणजे पाय होते. तीन मोजेपर्यंत जे जे हललं ते पुसलं गेलं होतं. चरताना पाय रोवलेले होते, ते राहिले. माना हलत होत्या, त्या गेल्या. बिनडोक्याच्या पायांचं रान, आणि मधे एकटी ती, केसन् केस स्पष्ट. दगडावर काही नव्हतं. मी भिंग लावून पाहिलं, हेही कबूल करतो.

दुसरी प्लेट किंचित हललेली वाटली, ती मी बाजूला ठेवली. पहिली सुकवली, खिडकीला धरली आणि पेन्सिल घेऊन बसलो. माळावरची धूळ, कॅमेऱ्यातली धूळ, बारीकबारीक पन्नासएक भोकं असतील. मी ती नेहमीसारखी भरली. आकाशातली, गवतातली, घोडीच्या अंगावरची. गिऱ्हाइकाला ठिपकेवाला फोटो द्यायचा म्हणजे माझी अब्रू जायची. काम झाल्यावर मी फोटो छापून उन्हात धरला आणि इतका सुंदर फोटो आपण आजवर काढला नाही, असं मला वाटलं.

फोटो घेऊन मी गेलो त्या दिवशी त्यांच्या अंगणात रेणापूरची बैलगाडी उभी होती. सुनेचा बाप येऊन बसला होता. गाडीत पेंढा घालून वर घोंगडी अंथरलेली होती. बैल सोडले नव्हते. सून स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला चिकटून उभी होती, आणि तिचं गाठोडं कुठे दिसत नव्हतं, पण बांधलेलं असणार हे कळत होतं.

म्हातारीने फोटो घेतला. माझं भिंग मागून घेतलं. आधी पाय पाहिले, मग मान, मग बराच वेळ तोंड. मग भिंग बाजूला ठेवलं आणि घोडीच्या कपाळावरून अंगठा फिरवला, जिवंत जनावराच्या फिरवतात तसा.

"कपाळ कोरं हाय," ती म्हणाली. "ही न्हाई ती."

"नीट बघ," म्हातारा म्हणाला.

"काय बघू? माझ्या घोडीच्या कपाळावर मी सोत्ताच्या हातानं बिब्बा घातलाय. पांढरंधोप शिंगरू, साऱ्या गावाची नजर! बिब्बा उतला आन् जोंधळ्याएवढा काळा डाग पडला, तो कायमचा. हिच्या कपाळावर एक ठिपका न्हाई." आणि ती हसायला लागली. हसताहसता रडायला लागली. "माझं पोरगं हाय. कुठं तरी हाय. येईल त्यो."

म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. सुनेच्या बापाने सगळं ऐकून घेतलं. "झालं तर मग," एवढंच म्हणाला, उठला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत बसला. गाडी रिकामी निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत सून दारात उभी होती. मग तिने मला गुळपाणी आणून दिलं, बाजेवरचा फोटो उचलून पाहिला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"लई साफ काढलाय फोटो," ती म्हणाली.

मला ती तारीफ वाटली. त्या घटकेला मला माझ्या पेन्सिलीची आठवण यायला हवी होती. आली नाही. पन्नास ठिपक्यांतला एक कोण लक्षात ठेवतो? मी तर परतीच्या वाटेवर शीळ घालत होतो.

फाल्गुनात काचेचा तुटवडा पडला. हैदराबादहून माल येईना. जुन्या प्लेटा गरम पाण्यात खरवडून त्यांच्या काचा मी तसबिरींना वापरू लागलो. अशीच एक प्लेट खरवडण्याआधी खिडकीला धरली, ती माळावरची दुसरी होती. वाटली होती तितकी हललेली नव्हती. काळ्या घोडीच्या काळ्या कपाळावर एक भोक, त्यातून खिडकीचा उजेड डोळ्यात घुसत होता. धूळ, मी म्हणालो. सवयीने पेन्सिलही उचलली. आणि तिथेच माझा हात थांबला.

पहिली प्लेट काढली. तिरकी धरली. तिरक्या उजेडात शिसं चमकतं. घोडीच्या कपाळावर, त्याच जागी, माझ्या पेन्सिलीचा इवलासा ठिपका चमकत होता. धुळीचा कण दोन वेगळ्या प्लेटांवर एकाच कपाळावर बसत नाही. मी स्टुलावर बसून राहिलो. बाहेर गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं. घोडी त्यांचीच होती. पोरगा गेला होता. आणि एका अठरा वर्षांच्या मुलीची गाडी मी रिकामी परत पाठवली होती, का, तर माझा फोटो साफ दिसावा म्हणून.

मी लगेच गेलो नाही. रस्ते बरे नाहीत, उन्हं वाढलीत, दुकान कोण बघणार, अशी कारणं सांगत पंधरा दिवस काढले. भित्र्याला कारणांची वाण नसते. शेवटी दुसऱ्या प्लेटवरून, पेन्सिल न लावता, एक फोटो छापला आणि गेलो.

अंगणात म्हातारी बसली होती. बाजेवर नव्हे, जमिनीवर, सूप घेऊन जोंधळे पाखडत. मला पाहून काठीच्या आधाराने उठून उभी राहिली. "मास्तर, बघा! चालाया लागले. त्यो आला आन् मी बाजेवर पडलेली दिसले तर काय म्हणंल?" तिच्या गालांवर मांस आलं होतं. म्हातारा शेतावर गेला होता. पाणी पितो म्हणून मी आत चुलीपाशी गेलो.

सून भाकऱ्या थापत होती. मी खिशातून फोटो काढून तिच्यापुढे धरला.  तिने पिठाचे हात पदराला पुसले, फोटो घेतला आणि जाळाच्या उजेडात पाहिला. ती दचकली नाही.

"माझ्या हातून झालं," मी म्हणालो. "धूळ समजून मी तो डाग बुजवला. माझी चूक आहे. मी आत्ता बाहेर जाऊन सांगतो."

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"तुमी फोटो काढून गेले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी गवऱ्या वेचाया जाते म्हणून मी माळावर गेले. ती दगडापाशीच होती. हाक मारू नये म्हणतात, मी मारली. तिनं मान खाली घातली. लग्नात उंबऱ्यावर मी तिला कुंकू लावलं होतं तवा बोटाखाली त्यो काळा डाग आला होता. त्योच डाग."

"मग त्या दिवशी तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मी बोलले असते तर लोक म्हणले असते, हिलाच जायाचं हाय, म्हणून नवऱ्याला मेला म्हणती." ती भाकरी उलटायला वळली. "मी गाठोडं बांधून ठिवलं होतं, मास्तर. मला वाटलं, फोटोच बोलंल. मग मला बोलाया लागायचं न्हाई. तुमचा फोटो बोललाच न्हाई."

माझे डोळे भरून आले आणि मला त्या रडण्याची लाज वाटली. रडायचा हक्क तिचा होता. मी पुन्हा म्हणालो की मी सांगतो, आत्ता सांगतो, तुझ्या वडिलांनाही निरोप पाठवतो. बाहेर म्हातारी सुपाच्या तालावर काहीबाही पुटपुटत होती, मुलगा आल्यावर काय काय रांधायचं त्याचं.

सुनेने तिकडे पाहिलं. मग फोटो चुलीत घातला. कागद आधी वळला, मग काळा पडला.

"राहू द्या," ती म्हणाली. "म्हातारी हाय तंवर राहू द्या. तिचे असे किती दिवस ऱ्हायलेत?"

म्हातारी त्यानंतर अकरा वर्षं जगली.